चार बोटं

पापाची तिकटीच्या मागं, बोळात, आमचं दुकान.
दोन माणसं आली की तिसऱ्यानं पायरीवर थांबायचं.
पाटीवर अजून वडिलांचं नाव, इलाहीबक्ष शिकलगार.
परवाना माझ्या नावावर व्हायला तीन वर्षं गेली,
पाटी बदलायचा धीर त्यातच संपला.

सोमवारी बाळगोंडा चौगुले आला.
मेणकापडात गुंडाळलेली बारा बोअर,
नळीच्या तोंडाला पोचा,
मनगटांवर उसाच्या पाल्याचे ओरखडे.
"जैतूनबाई, चार बोटं कापून द्या की.
उसात शिरलं की नळी अडकती,
डुक्कर शेजारी उभं असतंय
आणि मी अजून वळतोयच."

मी वडिलांची पितळी पट्टी काढली.
इंचाच्या खुणा बोटं फिरून पुसट झाल्यात,
पण आकडा मला अंधारातही कळतो.
कागदावर अठ्ठावीस. नळी अठ्ठावीस.
जुळलं की बरं वाटतं,
जगात इतकं तरी जुळावं.

"कापली तर ही बंदूक राहणार नाही."
"मग काय राहतंय?"
"गुन्हा."
"चार बोटांत?"
त्यानं आपलीच बोटं काउंटरवर मांडून बघितली,
मधलं नख काळंनिळं, पंपात सापडलेलं.

त्याचं रान दूधगंगेच्या अंगाला.
सहा एकर आपल्यात, दोन एकर कर्नाटकात,
आणि विहीर नेमकी त्या दोन एकरांत.
परवान्यावर लिहिलंय, महाराष्ट्र राज्यापुरता.
म्हणून मोटर चालू करायला जाताना
तो बंदूक बांधावर, अलीकडच्या गवतात ठेवतो,
वहाणा देवळाबाहेर ठेवाव्या तशी,
आणि मागं बघत बघत जातो.

पलीकडं चुलतभाऊ, अण्णाप्पा. त्याचा परवाना कानडीत.
तिकडं निवडणूक लागली की त्याची बंदूक ठाण्यात जमा,
इकडं लागली की ह्याची.
"डुकरांना आचारसंहिता पाठ झालीया," बाळगोंडा म्हणाला,
"जिकडं मतदान, तिकडं जेवण."
मी हसले. तो हसला नाही.

माझा भाचा मुश्ताक अमेरिकेत ट्रक चालवतो.
रात्री त्याला हे सांगितलं, तर म्हणाला,
"मावशी, इथं काय वेगळं आहे?
आखूड नळीची बंदूक नदीच्या एका काठाला
पैसे भरून, कागद करून कपाटात ठेवता येते.
दुसऱ्या काठाला तीच सापडली तर माणूस आत.
मधे नुसता पूल."
मी विचारलं, पुलावर काय होतं रे, नेमकं?
तो बराच वेळ गप्प. इंजिन ऐकू येत होतं.
"काही नाही. डांबराचा आवाज बदलतो."

आपल्याकडंही बदलतो.
कागल सोडून नाक्याच्या पुढं गेलं
की चाकाखाली दुसरं सरकार लागतं,
झोपेतल्या पोरालासुद्धा कळतं.

मी नळीत लाकडी दांडा घातला,
मापाचा, तेल लावलेला,
आणि पोचा हळूहळू बाहेर काढला.
तासभर तो पायरीवर बसून होता.
अठ्ठावीसच्या अठ्ठावीस हातात दिली तेव्हा
त्यानं एक डोळा मिटून तिच्यातून बोळ बघितला,
आणि पैसे मोजताना दहा रुपये कमी दिले,
रागानं, मुद्दाम. मी मागितले नाहीत.

त्याची पावती फाडली, दुसरी प्रत गठ्ठ्यावर ठेवली
आणि वर नेहमीचं वजन ठेवलं,
लोखंडाचं एक नळकांडं, आरपार पोकळ.
लहानपणापासून ते ह्याच जागी आहे.
एका बाजूची कड गुळगुळीत, कारखान्याची,
दुसरीवर करवतीचे दात अजून हाताला लागतात.

वडील त्याबद्दल कधी बोलले नाहीत.
मीही कधी पट्टी लावली नाही.
आज बोटं ठेवून बघितली.
चार.