हा तो नाही

पहाटेचे तीन. उणे चौतीस.
मी तुझं पोट मोजतेय.
नर्स उयांगा म्हणाली होती, छातीकडे बघू नकोस,
दुपट्यात छाती फसवते.
श्वास पोटावर बघायचा,
बाळ शांत असताना, अंगावर पीत नसताना,
घड्याळ लावून, पूर्ण एक मिनिट.
अर्ध्या मिनिटाची दुप्पट करायची नाही.
पन्नासला पोचला तर उठायचं.
बरगड्यांखाली खड्डा पडायला लागला
तर नुसतं उठायचं नाही, धावायचं.

त्रेचाळीस.
मोबाइलच्या उजेडात परत. सत्तेचाळीस.
मधे तुला उचकी लागली,
ती धरायची की सोडायची
हे विचारायचं राहूनच गेलं.

शेगडीत सरकारी विटा जळतायत.
गोणीवर छापलंय, कोळशापेक्षा कमी धूर.
किती कमी, ते छापलेलं नाही.
गेरच्या माथ्यावरची झापड उघडली
तर अख्ख्या टेकडीचा धूर आत उतरतो,
मिटली तर आपलाच आपल्याला पुरून उरतो.
आणि शेगडी विझवली
तर तासाभरात बादलीतल्या पाण्यावर साय धरते बर्फाची.
थंडी देऊ की धूर, तुव्शिन?
सात महिन्यांच्या माणसाला
कुणी असं विचारतं का?

तुझा बाप रात्रपाळीला आहे.
वीजकेंद्रावर कोळसा ढकलतो.
त्याची ऊब जाड नळांतून उलानबातरच्या इमारतींत जाते,
जिथे बाळांच्या खोल्यांत हवा गाळायची यंत्रं असतात म्हणे,
हवा बिघडली की त्यांच्यावर आकडा लाल होतो.
आपल्याकडे आकडा मी सांगते.
अठ्ठेचाळीस.

नोव्हेंबरात दवाखान्यात तुझं अंथरूण व्हरांड्यात होतं,
एका खाटेवर दोन मुलं, तुझे पाय तिच्या डोक्याशी.
नोमिन नाव होतं. पिवळी टोपी.
ऑक्सिजनची एकच नळी, तिला दोन फाटे.
तिची आई आणि मी आळीपाळीने झोपायचो,
एकीने दोघांचं पोट बघायचं.
पाचव्या सकाळी मी डोळे उघडले तर अर्धी खाट रिकामी.
घरी गेली, म्हणाले.
कुठल्या घरी, मी विचारलं नाही.
मी तुला सरळ, मोकळं झोपवलं.
चादर तिथे अजून कोमट होती.

तिकडून अर्खांगाईहून माझी आई फोनवर सांगते,
नाव बदल त्याचं. एनेबिश ठेव.
हा तो नाही.
आजार दारात येऊन नाव पुकारतो,
हाकेला ओ देणारं कुणी नसलं की पुढे जातो.
आणि रात्री बाहेर काढताना
कपाळावर काजळीचं बोट ओढ,
माणसाचं पोर नव्हे, ससा आहे
असं वाटून सोडून देतात.
मी हसले होते.
औषधांच्या दुकानात चार वर्षं काढलीत मी,
कुठलं सिरप किती मिली, मला पाठ आहे.

एकोणपन्नास.
त्रेपन्न.
तुझ्या नाकपुड्या फुलतायत,
आणि तिथे, बरगड्यांखाली,
पीठ मळताना अंगठा दाबावा तसं काहीतरी.

दुपटं. टोपी. दुसरी टोपी. लसीकरणाचं कार्ड.
शेजारच्या त्सेवेग्मिदचं दार मी लाथेने वाजवते,
हात तुझ्यात गुंतलेत.
तो काही विचारत नाही,
टॅक्सीच्या बॉनेटवरची गोधडी ओढून काढतो.

निघण्याआधी मी परत आत जाते.
धुराड्याच्या नळीवर बोट फिरवते.
हीच ती काजळी,
रात्रभर जी तुझ्या छातीत उतरत होती,
तीच कपाळावर.
दुसरी आणू कुठून?

गाडी सुरू होत नाही.
होत नाही.
होते.
उतारावर दिवे पुसट, धुरात रस्ता दिसत नाही,
मी पोटावर हात ठेवून मोजतेय
आणि काचेबाहेर जे कोण असेल त्याला सांगतेय,
हा तो नाही.
ससा आहे.
छप्पन्न.
पुढे चल, ससा आहे हा.