सोळाशेवर

कॅमेरा अल्ताफ मुजावरचा, तीन लग्नसराया वापरलेला.
बॉडीवर हळदीचा डाग आहे, पुसून जात नाही.
म्हणाला, घे, हप्त्यानं दे,
पण आधी बगळा धर.
नवरी कुणालाबी धरता येती. नवरी उभी ऱ्हाती.

पहाटे सहा, रंकाळा, संध्यामठाची बाजू.
पाणी अजून राखाडी, कडेला जलपर्णी,
फिरायला आलेल्यांपैकी कुणाच्या तरी खिशात भजन चालू.
मी दोनशेवर एक बगळा टिपला.
स्क्रीनवर आला ताकाचा ओघळ.

'किती ठेवलायस?'
'दोनशे.'
'दोनशेवर वरात येती रे. पाखराला सोळाशे ठेव.'

सोळाशे ठेवल्यावर अंधार झाला.
अंधार झाला म्हणून आयएसओ चढवला,
तर पाण्यावर रवा सांडला.
भिंगाचं तोंड आधीच होतं तेवढं उघडं,
त्याच्या पुढचं पैशाचं काम.

मग लक्षात आलं, हे आमच्या उद्यमनगरातलंच आहे.
स्पीड, फीड, कट.
एक वाढला की दुसऱ्यानं माघार घ्यायची,
नाहीतर टूल जळतं.
चोवीस वर्षं लेथवर हेच केलं मी,
फक्त जॉब चकमध्ये आवळलेला असायचा.
इथं जॉब उडतोय
आणि चक म्हणजे माझी मान.

उजव्या हाताची तर्जनी पहिल्या पेरापासून नाही.
पॉवर प्रेस, दोन हजार नऊ, रात्रपाळी.
बटणावर मधलं बोट जातं
आणि मधलं बोट विचार करतं.
तेवढ्यात खंड्या पलीकडच्या तारेवर.

अल्ताफ त्यावर काही बोलला नाही.
मान खाली घालून मेनूत शिरला
आणि फोकस शटरवरून काढून
पाठीमागच्या बटणावर नेऊन ठेवला.
'आता अंगठ्यानं धर. अंगठा हाय न्हवं?
दाबून ठेव, सोडू नको.
बोटाला फकस्त शेवटचं काम.'

मग रविवार, रविवार.
वारा पाठीवर घ्यायला शिकलो,
पाखरू वाऱ्याला तोंड देऊन उठतं, म्हणजे माझ्याकडं.
गर्द पाण्यावरच्या बगळ्याला एक घर खाली,
आभाळातल्या पाणकावळ्याला एक घर वर,
कारण मीटर आजूबाजूचं बघतं, पाखरू बघत नाही.
घारीवर हात बसवला,
घार सावकाश फिरते, नवशिक्याला सांभाळून घेते.
वेडा राघू नाही घेत.

शैलानं एका रात्री मोजले:
चारशे बारा फोटो, त्यात पाखरू एकवीस.
म्हणाली, 'आभाळ मात्र छान आलंय.'

कळंब्याला माघातल्या एका सकाळी
नदीसुरय आला, काळी टोपी, पिवळी चोच,
पाण्याला समांतर, कुणी ओळंबा लावून सोडल्यासारखा.
अंगठा दाबलेला होता.
मान फिरत होती, मी फिरवत नव्हतो.
मधल्या बोटानं या वेळी विचारलं नाही.

अकरा फ्रेम.
दहात पाणी, शेपूट, परत पाणी.
एकीत डोळा. काळ्या टोपीत काळा डोळा,
तरी वेगळा दिसणारा,
चोचीखाली सुटलेला थेंब, तोही गोल.
आणि डाव्या पंखाचं टोक चौकटीबाहेर.

'टोक कापलंय,' अल्ताफ म्हणाला. 'उडव.'
मी डोळा मोठा करून बघत होतो.
'राहू दे.'
त्यानं स्क्रीन बघितली,
मग स्क्रीन धरलेला हात.
'ठेव,' म्हणाला. 'पण म्होरल्या टायमाला
जरा लांब धर. पंखाला जागा सोडावी लागती.'
आणि चहा सांगायला गेला,
दोन सांगितले, तिघे नव्हतोच तरी तीन आले.

सोमवारी पहिली पाळी.
जॉब आवळला, डायल शून्यावर आणला, मशिन चालू.
पत्र्याच्या फटीतून एक चिमणी शेडमध्ये शिरली,
क्रेनच्या साखळीला वळसा घालून
उजेडाकडं निघाली.
हँडलवर माझा अंगठा दाबला गेला होता.
मी सोडला नाही, ती बाहेर जाईपर्यंत.