कलम सात

करार अकरा पानांचा होता.
पहिल्या पानावर विद्यापीठाचं बोधचिन्ह,
शेवटच्या पानावर आमचा शिक्का, जरा तिरका उठलेला,
कारण शाईची डबी वाळली होती
आणि मी तिच्यात पेल्यातलं पाणी ओतलं होतं.

आमची संस्था म्हणजे तुर्भे स्टोअरच्या मागे
सार्वजनिक शौचालयाच्या डोक्यावरची एक खोली.
दोन सतरंज्या, एक पंखा, तीनशे बारा पुस्तकं
आणि मी: हिशेब, झाडलोट, पत्रव्यवहार.

केळशीकर सर म्हणाले, मानव्यविद्या वर्गाबाहेर न्यायची आहे.
म्हटलं, न्या की. फक्त जिना अरुंद आहे,
डोकं सांभाळा.

विद्यापीठाने दिले रेकॉर्डर दोन, विद्यार्थी सहा,
पावती जोडल्यास प्रवासभत्ता.
आम्ही दिली ओळख.
तिची पावती नसते.
सोळा वर्षं रेशनच्या रांगेत शेजारी उभं राहून ती मिळते
आणि अंदाजपत्रकात तिच्यापुढे
निरंक लिहितात.

तिम्मव्वा इटकर.
वय? लिवा साट, सत्तर, तुमाला परवडंल ते.
डोंगर पुरता होता तेव्हा आली.
आता डोंगराला एकच बाजू आहे.

समोर घणसोलीची हर्षाली भोईर, मांडीवर प्रश्नावली.
प्रश्न चौथा: आपल्या आयुष्यातले महत्त्वाचे टप्पे सांगा.
पाच हुते, तिम्मव्वा म्हणाली.
वरच्या टप्प्याव बायांना नेत नव्हते,
तितं सुरुंग भरायचे.
हर्षालीने मान वर केली,
मग प्रश्नावली पालथी ठेवली.
माझ्या मते तिची परीक्षा तेव्हाच झाली,
गुणपत्रिका नंतर आली.

दगडाला नस आसती.
नस सोडून हाणलं की घण हाताला चावतो.
डबर येगळा, खडी येगळी, कच येगळी,
आन कच डोळ्यात गेली की ती कुनाचीच नसती.
केळशीकर सरांनी एवढं लिहिलं
आणि पेनाचं टोपण लावायला विसरले.

हर्षालीच्या आजोबांची भातखाचरं गेली
ती ज्या रस्त्याखाली,
त्याची खडी हिनं फोडलेली.
दोघींच्या मध्ये तो रस्ता होता, सहा पदरी.
दोघींनी विषय काढला नाही.
चहा प्यायल्या. बशीतून.

मग संमतिपत्र.
कलम सात: मुलाखतींचे सर्व हक्क
उभय संस्थांकडे संयुक्तपणे राहतील.
वाचून दाखव म्हणाली. दाखवलं.
उभय म्हंजी?
दोघं. विद्यापीठ आणि आम्ही.
शाई लागलेला अंगठा तिने तसाच हवेत धरला,
ओली भिंत असावी आणि टेकायचं नसावं, तसा.

सात आठवडे पत्रं गेली, आली.
विधी कक्ष म्हणाला, तिसरा पक्ष नमुन्यात बसत नाही.
सर म्हणाले, नमुना बदलू.
आमच्या विश्वस्तांनी विचारलं, अनुदान अडकेल का?
खरं सांगते, मीही तेच विचारलं होतं,
फक्त मनात.

शेवटी समासात, हाताने, निळ्या शाईत
दोन ओळी वाढल्या:
मुलाखत आधी तिला ऐकवावी.
ती म्हणेल ते काढावं, ती म्हणेल ते घालावं.

ऐकवली. कानाला यंत्र लावून
ती स्वतःच्या खोकल्यावर हसली.
नवरा गेला त्या दुपारचं काढायला सांगितलं.
आम्ही काढलं. ते इथेही नाही.
आणि म्हणाली, राजप्पा ऱ्हायला.
कोण राजप्पा?
गाढव. वीस वर्सं डबर वाह्यला त्यानं,
त्याचं नाव घाला.

वाशीच्या सभागृहात प्रदर्शन झालं,
पाहुणे आले, समोसे कमी पडले.
ऋणनिर्देशाच्या फलकावर
कुलगुरू, विश्वस्त, तिम्मव्वा इटकर, राजप्पा,
अकारविल्हे नाही, तिने सांगितलं त्या क्रमाने नाही,
जागा उरली तसे.

मार्चमध्ये लेखापरीक्षक आले.
पान उलटताना त्यांचं बोट थांबलं:
हा राजप्पा कोण? याचं संमतिपत्र नाही.

मी डबीत पुन्हा थोडं पाणी घातलं,
शिक्का दाबला
आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
दिवंगत. सहकारी.