दीडशे शब्दांत परिचय

गॅलरीच्या बाईंचा निरोप आला :
दीडशे शब्दांत परिचय पाठवा,
जन्म, शिक्षण, कलाविषयक भूमिका,
सोबत एक फोटो, शक्यतो हसरा.

जन्म वेळग्याचा. लिहिते, खोडते.
पणजीत विचारतात, कुठे आलं हे?
साखळीच्या अलीकडे, मी सांगते,
कपडे वाळत घातले की लाल व्हायचे ते गाव.

बाबा टिपरांवर नावं रंगवायचे.
पुढे देव, मागे मालकाची पोरं, टाकीवर कमळ.
खाण चालायची तेव्हा आठवड्याला चार गाड्या.
मी सात वर्षांची असताना
त्यांनी मला फळीसमोर स्टुलावर उभं केलं,
म्हणाले, ब्रश धरायचा तर आधी श्वास धर.
‘श्री’ची वेलांटी एका दमात यायला हवी,
मध्येच सोडलास तर रस्त्यावर सगळ्यांना दिसतं.
याला शिक्षण म्हणायचं का,
बाईंना विचारायला हवं.

मग खाणी थांबल्या.
टिपरं माळावर रांगेनं उभी राहिली,
चाकांच्या आऱ्यांतून टायकिळा उगवला,
बाबांच्या कमळांनी उन्हात पापुद्रे धरले.
ते वर्ष आम्ही कसंबसं काढलं.
कर्जही काढलं, मामांच्या नावावर,
माझ्या आल्तिनोच्या फीसाठी.

कॉलेजात मॉडेल म्हणून कायतान बसायचा,
पूर्वी फेरीबोटीवर होता. तासभर हलायचा नाही,
खाली नदीत भोंगा वाजला की मात्र
मान आपोआप तिकडे.
माझ्या सावल्या बघून मिनेझिस मिस म्हणाल्या,
काळा नको, नीट बघ, निळा आहे तिथे, जांभळा आहे.
मी नीट बघितलं. मला लाल दिसला.
मार्क कमी पडले.
नंतर कळलं, निळा होता खरा.
पण घरी गेले की नसतो.

गावच्या देवळाच्या मागच्या भिंतीवर
हातभर काव उरली आहे,
बाकीची जीर्णोद्धारात टाइल्सखाली गेली.
लाल गिलावा ओला असतानाच
कुणीतरी टोकदार हत्याराने खरवडलाय,
खालचा चुना वर येऊन त्याचा मोर झालाय.
मोराला रंग असा लावलेलाच नाही.
नको ते काढलं, एवढंच.

तिथे उभी असताना मला वाटलं,
आपण चित्र ‘काढतो’ म्हणतो ते उगाच नाही.
आमच्या डोंगरातून मातीही काढलीच.
डोंगराच्या जागी आता तळं आहे, हिरव्या पाण्याचं.
काठावर पाटी : येथे पोहू नये.
अक्षरं बाबांची.

तर पद्धत अशी.
कपाटांच्या माथ्यावरून, पंख्याच्या पात्यांवरून,
उभ्या टिपरांच्या टपावरून मी धूळ गोळा करते.
(शेजाऱ्यांना आधी वाटलं, सर्वेवाली आली.)
डिंकात घोटते, कागदावर सपाट फासते,
आणि मग काढत जाते,
बोटाने, कंगव्याने, बाबांच्या कडक झालेल्या ब्रशाने.
मागे राहते कायतानची मान,
वळणावर थांबलेली एखादी गाडी.
डोंगर मात्र जमलेला नाही अजून.
दोनदा केला. कागदावर त्याचं वजन येत नाही.
भूमिका म्हणून सध्या एवढंच आहे.

शब्द मोजले, फार झाले.
बाईंनी कापून साठ केले,
त्यात मी ‘खाणपट्ट्यातील उदयोन्मुख’ झाले
आणि कायतान गेला.

उद्घाटनाला बाबा आले, इस्त्रीच्या शर्टात.
चित्रांपाशी फार थांबले नाहीत,
दारातल्या पाटीसमोर मात्र
चष्मा पुसून बराच वेळ उभे.
सुलक्षा गावस.
शेवटी माझ्याकडे वळून म्हणाले,
‘गा’ आणि ‘व’मध्ये अंतर जास्त पडलंय गो.
तुझं नाव कुणी काढलंय हे?