चौतीस अंश

क्रोमियम ऑक्साइडचा एक स्वभाव आहे:
चौतीस अंशांपर्यंत तो शिस्तीत राहतो.
एक अणू वर तोंड करून, शेजारचा खाली,
पुन्हा वर, पुन्हा खाली.
बेरीज शून्य.
होकायंत्र जवळ नेलंत तरी सुई ढिम्म.

दाहरानला ऑगस्टात बाहेर सत्तेचाळीस असतं.

लॅबमध्ये बारा महिने वीस.
नखाएवढी नीलमाची चकती, आर्गॉनचा जांभळट उजेड,
ताशी वीस नॅनोमीटर, असे तीन तास.
दुधावर साय याहून लवकर धरते.

मुनाफ परकार पंपाला कान लावून बसतो.
हर्णैचा. आधी बोटींची इंजिनं, मग इथं एसी, आता आमचा व्हॅक्यूम.
गेजकडे बघत नाही.
"बाय, खालच्या फ्लँजला श्वास लागलाय," म्हणतो,
आणि गळती तिथंच निघते.

एक्स-रेमध्ये नीलमाचं शिखर उंच,
त्याच्या डावीकडे, दोन अंशांवर, आमचं बुटकं,
आणि बुटक्याच्या दोन्ही अंगांना बारीक लाटा.
म्हणजे थर सपाट आलाय.
मी त्या लाटा दोनदा मोजल्या. रात्रीचे तीन वाजले होते
आणि सांगायला मुनाफच होता.

"ह्याचा उपयोग काय?"
मेमरी, म्हटलं. शेजारी चुंबक आणून ठेवलं
तरी न पुसली जाणारी.

मॅग्नेटोमीटर म्हणाला, शून्य.
आता शून्य दोन तऱ्हांचं असतं,
काहीच नसल्याचं,
आणि सगळं असून एकमेकांत फिटल्याचं.
आपलं कुठलं, ते हे यंत्र सांगत नाही.
त्यासाठी वर तीन नॅनोमीटर प्लॅटिनम,
त्यातून थोडीशी वीज, आणि आडव्या तारांवर
व्होल्टेजची वाट बघत बसणं.
आलं. अधिक खुणेचं.

गुरुवारी नमुना खोबरच्या लॅबला न्यायचा होता.
मुनाफच्या गाडीचा एसी बंद.
एसीवाल्याच्या गाडीचा!
मी डबी मांडीवर धरून बसले.
कुठल्याशा सिग्नलला चौतीस ओलांडलं असणार.
आवाज नाही, रंग तोच हिरवट,
आत सगळे वाटेल तिकडे तोंड करून.
शेजारच्या बसमध्ये निळ्या कपड्यांतली माणसं झोपली होती,
माना कुठंही टाकून.

"खराब झाला?"
नाही. गार झाला की पुन्हा रांग धरेल.
फक्त आधी कोण वर होतं, कोण खाली,
ते त्याला आठवणार नाही.
आठवायला हवं असेल तर निवताना
वीज आणि चुंबक, दोन्ही धरून ठेवावी लागतात.

बराच वेळ तो काही बोलला नाही.
पूल आला, गेला.
मग म्हणाला, "मी घरी जातो ना दोन वर्षांनी,
पहिले आठ दिवस
कुठल्या अंगावर झोपायचो तेच सुधरत नाय."

रात्री परत मोजलं.
व्होल्टेज तेवढंच. खूण उलटी.
वहीत मी उणे लिहिलं
आणि खाली तारीख.