उणे एकतीस

मायलीसनं टर्बो आणला तो मासळीच्या खोक्यात,
वर्तमानपत्रात गुंडाळून, कुणाचं डोकं आणावं तसा.
जुन्याच्या दुप्पट गोगलगाय.
म्हणाली, एल्क हरणाच्या मांसाचे पैसे आले होते, उडवले.
आता सांग, याला मेंदू कोणता घालू?

आर्विड्सयाउरला नोव्हेंबरात दुपारी दोनलाच दिवा लागतो.
मी दिवा लावला, कॉफी ओतली,
आणि डॉक्टरी आवाजात सुरू झालो:
जुनीच पेटी ठेवू, तिला नवे आकडे शिकवू.
शिकेल. पण तिचा सेन्सर एका हद्दीपुढे हवा मोजत नाही,
त्यापुढचं सारं तिच्या लेखी घडतच नाही.
नाहीतर मध्ये एक छोटी पेटी बसवू,
ती हवेचा निरोप घेते आणि आत कमी करून सांगते.
स्वस्त आहे. चालतंही.
"म्हणजे घरात एक लबाड ठेवायचा," ती म्हणाली,
"होता माझ्याकडे. अठरा वर्षं."

तिसरी मी कपाटातून काढली.
कोरी. सोळा रकाने आडवे, सोळा उभे,
सगळ्यांत शून्य.
हिला काही म्हणजे काही ठाऊक नसतं, मायलीस.
पेट्रोल किती, ठिणगी कधी,
गार कशाला म्हणतात, तेही आपणच सांगायचं.
आणि गारठ्याचं गणित दिवसातून एकदाच मांडता येतं:
पहाटे किल्ली फिरवली, चुकलं,
की इंजिन कोमट होतं आणि तो दिवस गेला.
जुन्या पेटीत कुणीतरी असे कितीक हिवाळे भरून ठेवलेत.
ते टाकून द्यायचे?

ती कपात बघत राहिली.
कुणीतरी नाही, म्हणाली. मी.
एकोणीस वर्षांची होते. दक्षिणेकडून कारखान्याची माणसं यायची,
गोठलेल्या तळ्याकाठी गाड्या रात्रभर उघड्यावर,
पाच वाजता मी एकेकीत बसून किल्ली फिरवायची,
सेकंद मोजायचे, फळीवरच्या कागदात लिहायचे.
शाई गोठायची म्हणून पेन्सिल.
उणे वीस खरं आहे. उणे पंचवीसही.
उणे एकतीसला बोटं उघडेनात.
त्या गाडीत मी बसलेच नाही.
आकडा ठोकून दिला.

माझ्या बापाची गाडी त्यातलीच.
कडाक्यात चालू व्हायची,
दुसऱ्या खेपेला, शिव्या खाऊन.
हे मी तिला सांगितलं नाही.

कोरी पेटी घेतली तिनं.
जुने आकडे उतरवले, नव्या इंजेक्टरची धार मोठी
म्हणून प्रत्येकाचे सत्तर टक्के;
ती वाचायची, मी टाइप करायचो.
एक रकाना सोडला.

डिसेंबर संपला. उणे चोवीस. उणे अठरा.
एकदा तर छपरावरून चक्क पाणी ठिबकलं.
टर्बो अजून पुरता फिरलेला नाही,
ती त्याचं नावही काढत नाही.
पहाटे पाचला
खिडकीबाहेरच्या थर्मामीटरवर टॉर्च मारते,
आणि मला फोन करून उठवते:
आज नाही. झोप.