ठिपका

दामिनी उईकेला वाचता येत होतं.
खोटं कशाला, शेरा मीच लिहिला होता :
वर्ग तिसरा, मराठी, येते.
फक्त 'शेत' म्हणताना ती आधी श ला हाक मारायची,
मग मात्रेची वाट बघायची,
आणि त पर्यंत पोचेस्तोवर
श घरी निघून गेलेला असायचा.
एका मिनिटात अकरा शब्द, चुका दोन.
बाराव्या शब्दाशी थांबवून विचारलं, गोष्ट कोणाची गं?
तर ती माझ्या चपलांकडे बघायची.

आंबियाची तोड चालू होती.
सही घ्यायची म्हणून तिच्या आईला गाठायला
मी वरूड रस्त्याच्या शेडवर गेले.
सगुनाबाई संत्री मोजत होत्या,
या हातात तीन, त्या हातात दोन,
वीस खेपा की शेकडा, शेकड्याला एक काडी बाजूला.
तोंडानं शेजारणीच्या जावयाचा समाचार चाललेला,
डागी फळ बोटं आपणच वगळत होती
आणि काडी एकदाही चुकली नाही.
"कशा मोजता हो?"
"मी कुठं मोजतो बाई, हात मोजते.
मी त आपली बोलून रायली."

परतताना गाडी दोनदा बंद पडली.
दोन्हीदा किक मारता मारता तेच डोक्यात :
या बाईच्या पोरीला मी अक्षरं दिली,
अक्षरांचा हात नाही दिला.

दुसऱ्या दिवसापासून रोज एक मिनिट.
मोबाईलची काच फुटलेली, पण घड्याळ धड.
प्रत्येकाच्या वहीत चौकटीचा कागद,
बरोबरचा ठिपका, चुकीची फुली.
मोठे सर दारात उभे राहून म्हणाले,
शर्यती लावता का लेकरांच्या?
मी म्हटलं, ज्याची त्याच्या कालच्याशी.
म्हटलं खरं,
पण पहिल्या आठवड्यात पोरं धापा टाकत वाचायची,
अर्धे शब्द गिळायची,
कागदावर फुल्यांचं रान माजलं.

मग मी मागं गेले.
वाक्य सोडलं, शब्द सोडला,
नुसती मात्रा, नुसती वेलांटी, वीस सेकंद.
मो, के, शी, लू. पुन्हा. लू, मो, शी.
जेवणाच्या सुट्टीत हँडपंपाशीसुद्धा कोणीतरी
दांडा मारता मारता पुटपुटायचं.
गोकुळ बाकाखाली बोटं लपवून आठ नि सात करायचा.
एका मंगळवारी पंधरा आधी आले,
बोटं नंतर पोचली.
तो स्वतःच दचकला.

दामिनीचा ठिपका चढला,
सतरा, एकोणीस, सव्वीस.
मग ताप आला, आठ दिवस गेले, बावीस.
मग कितीतरी दिवस तिथंच, पाटावर बसल्यासारखा.
मी चिडले एकदा. ती नाही.
बोट कागदावर ठेवून म्हणाली,
"मॅडम, इथून पाय उद्या वर, पक्कं."
उद्या नाही झाला. परवाही नाही.

फेब्रुवारीत मृगाची संत्री निघाली
तेव्हा ती बावन्नवर होती.
गोष्ट नवी दिली, बकरीची.
घड्याळ लावलं. धाव घेतली तिनं,
पाटील, ओटा, वाळत घातलेलं पागोटं,
आणि एकेचाळिसाव्या शब्दाशी थांबली.
मला वाटलं अडली. ओठ हलवून सांगणार होते,
तेवढ्यात तिच्या नाकातून फुस्स झालं,
मग खांदे हलले,
मग वहीवर डोकं ठेवून ती हसतच सुटली.
"काहून हासते वं?" गोकुळ.
"अबे, थे बकरी... पागोटं खाऊन रायली,
अन् पाटील तिलेच इचारते, पागोटं पाह्यलं का!"

मिनिट संपलं. एकेचाळीस.
काल बावन्न, आज एकेचाळीस.
ठिपका खाली आला.
मी तो जिथला तिथंच मांडला,
वाढवून नाही, खोडून नाही.
आणि शेजारी, जिथं काहीच लिहायचं नसतं,
तिथं पेन थोडा वेळ टेकवून बसले.